'वजन'च्या जागी 'चरबी' वाचावे

शेवटचं कुणाला म्हणालात तुम्ही, "अरे वा, बारीक झालात!" आणि म्हणताना त्या माणसाच्या पोटाकडे पाहिलंत, की दंडाकडे?

मी पोटाकडे पाहिलं. चांगले पाच महिने नुसतं पोटाकडेच पाहत राहिले.

बाबांचं बाइंडिंगचं दुकान बुधवार पेठेत आहे. वायरी आणि दिव्यांच्या माळांची दुकानं संपतात, जुन्या पुस्तकांची सुरू होतात, तिथं एक बोळ आत वळतो. त्या बोळात. दुकानाच्या मधोमध एक लोखंडी दाबयंत्र आहे. खाली फळी, वर फळी, मध्ये मनगटाएवढ्या आट्यांचा खांब आणि माथ्यावर चाक. खळ लावलेली पुस्तकं फळ्यांमध्ये ठेवायची आणि चाक आवळायचं. मग पुस्तकं तिथंच, दाबाखाली, दुसऱ्या दिवसापर्यंत झोपतात. चाक शेवटचं अर्धं वळण आवळलं गेलं नाही, तर पुस्तक वरून छान दिसतं आणि महिन्याभरात कण्यात फुटतं. हे अर्धं वळण म्हणजेच आमचं दुकान. बाकी खळ, दोरा, पुठ्ठा कुणीही आणू शकतं.

माझं लहानपण त्या चाकाखाली गेलं. पुस्तकांबरोबर मागण्यांची पत्रकंही घडी घालायला यायची. पाण्याची, शाळेच्या फीची, बसच्या फेऱ्यांची, कामगारांची. गुलाबी, पिवळी, पोपटी. छपाईत खराब निघालेली माझ्या वाट्याला यायची आणि मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. 'कमळ' वाचता येण्याआधी मला 'झालेच पाहिजे' वाचता येत होतं. दुपारी घड्या घातलेल्या गठ्ठ्यांवर डोकं टेकून झोपलं की कागदाचा आणि खळीचा वास नाकात भरायचा आणि स्वप्नात सगळे लोक ठळक अक्षरांत बोलायचे.

बाबा घडी घालता घालता एक गोष्ट सांगायचे. कुठल्याशा वस्तीनं पत्रक काढलं, 'घरोघरी नळ मिळालाच पाहिजे.' मोर्चे निघाले, घोषणा झाल्या आणि नळ मिळाले. पितळी, चकचकीत. पाणी मात्र आलं नाही.

"का?" मी दर वेळी विचारायची.

"कारण पाणी मागितलंच नव्हतं," बाबा म्हणायचे. "मागणीचा शब्द नीट निवडावा, बाळ. चुकीचा शब्दसुद्धा कधीकधी मान्य होतो."

मी दर वेळी हसायची. गोष्ट तोंडपाठ होती. समजली नव्हती, ते खूप नंतर कळलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी बाबांना आमच्या धायरीतल्या डॉक्टरबाईंकडे नेलं. यकृतावर चरबी निघाली, साखर काठावर निघाली. बाबांचं पोट तेव्हा चांगलं गोल होतं. "पोट नाही हे, पुस्तक टेकवायची उशी आहे," असं ते म्हणायचे. डॉक्टरबाईंनी बरंच काही सांगितलं. पोटावरची चरबी उतरवा, हृदयाचे ठोके वाढतील असा व्यायाम करा, हळूहळू करा, महिन्यानं परत या. त्या बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात मथळा जुळत होता. घरी आल्याबरोबर मी एका गुलाबी पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं:

'वजन उतरलेच पाहिजे!'

खाली मागण्या. पहाटे पळणे. रात्रीचे जेवण बंद. तूप, शेंगदाणे, अंडी, दूध बंद. तडजोड नाही.

आई वाचून म्हणाली, "तुरुंगात याहून बरं जेवण मिळत असेल."

बाबांनी खळ कालवली, बोटानं चारही कोपऱ्यांना लावली आणि पत्रक फ्रिजच्या दारावर अगदी सरळ चिकटवलं. "लिहिलंय तर पाळू," म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागण्यांना घड्या घातलेला माणूस. पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्याकडे मागणी केली होती आणि करणारी त्याची मुलगी होती.

त्या पहाटा मला अजून दिसतात. सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला कालवा वाहतो, त्याच्या काठची मातीची वाट. थंडीत पाण्यावरून वाफ उठायची आणि पलीकडच्या इमारती तिच्यात पायापासून विरघळत जायच्या, फक्त वरच्या मजल्यांचे दिवे हवेत तरंगत राहायचे. बगळा उभा असायचा, पण त्याचे पाय दिसायचे नाहीत. आम्ही दोघं काही न बोलता पळायचो. बोलायला श्वासच नसायचा. फक्त बुटांचा आवाज, माझा आणि बाबांचा, कधी एकत्र, कधी मागेपुढे. पळता पळता एक वेळ अशी यायची की आपण पळत नाही, खालची वाटच मागं सरकते आहे, असं वाटायचं. मी डोळ्यांच्या कडेनं बाबांच्या अंगातून निघणारी वाफ बघायची आणि मला खरंच वाटायचं, ती चरबीच आहे. कालव्याच्या वाफेत मिसळून चालली आहे, कुणाला न सांगता.

दर शनिवारी दुकानात वजन व्हायचं. कडा कापलेल्या कागदाची कातरण ज्या काट्यावर तोलली जाते, त्याच काट्यावर बाबा उभे राहायचे. शेजारी चाचांचं रबरी शिक्क्यांचं दुकान आहे. तीन पिढ्या त्याच बोळात. तरुणपणी ते तालमीत घुमायचे आणि अजूनही त्यांची मान खांद्यांत रुतल्यासारखी दिसते. ते स्टुलावरून न उठता विचारायचे, "काय, आज रद्दी किती भरली?"

"दोन किलो उतरली, चाचा!" मी ओरडायची.

"वा. पुढच्या वर्षी पाकिटात घालून पोस्टानं पाठवता येईल."

काटा उतरतच गेला. नातेवाईक, गिऱ्हाइकं, सोसायटीचे लोक, जो तो म्हणायचा, "अहो, किती बारीक झालात! काय करता काय?" बाबा लाजून माझ्याकडे बोट दाखवायचे. मी फुलायची. एकविसाव्या दिवशी सपाट पोटाचं वचन देणाऱ्या जाहिराती चौकाचौकात लागलेल्या असतात, त्यांच्यावर मी कायम चिडते. आणि घरात मी तेच वचन हातानं लिहून फ्रिजवर लावलं होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आईच्या मात्र लक्षात आलं होतं. ती बाबांचे कपडे घरीच बारीक करत होती. एके दुपारी मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "विजारीची कंबर आत घेतली तेव्हा बरं वाटलं मला. पण आता शर्टाचे खांदेपण आत घ्यावे लागतायत."

"म्हणजे चांगलंच की," मी म्हटलं.

"खांद्यावर कुठं गं पोट असतं?" ती म्हणाली आणि पायानं मशीन सुरू केलं. त्या आवाजात मी तिचं बोलणं बुडू दिलं.

उन्हाळ्यात एक जाडजूड पुस्तक परत आलं. कण्यात फुटलेलं. बाबा म्हणाले, "खळ खराब होती." पंधरा दिवसांत दुसरं आलं. त्या शनिवारी मी दुकानात जरा लवकर पोचले आणि दारातच थबकले. बाबा चाकाला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखे उभे होते. एक पाय भिंतीला टेकवलेला. जे चाक ते एका हातानं, दुसऱ्या हातात चहाचा ग्लास धरून आवळायचे, ते हलत नव्हतं. शेवटचं अर्धं वळण. त्यांनी आट्यांना तेल सोडलं, फडक्यानं पुसलं, जणू दोष चाकाचा होता. मग खाली सतरंजीवर शिवायला बसले. थोड्या वेळानं दोरा आणायला उठू लागले, तर उठता येईना. तळहात जमिनीला टेकला, मग स्टुलाला, मग यंत्राच्या पायाला. तिसऱ्या खेपेला उठले आणि मी दिसले.

"पायाला मुंग्या आल्या," ते म्हणाले.

मी तशीच मागं फिरून चाचांच्या दुकानात गेले. चाचा शिक्क्याचं रबर कापत होते.

"या, आंदोलन आलं," ते म्हणाले. मला ते लहानपणापासून आंदोलनच म्हणतात.

"चाचा, बाबांना काय झालंय?"

"बारीक झालाय. सगळं गाव सांगतंय की."

"नीट सांगा ना."

त्यांनी पातं खाली ठेवलं. "बारीक नाही, वाळलाय तो. दिवाळीनंतर दुकान बंद करणार आहे. हात गेले म्हणाला. तुला सांगू नकोस म्हणाला, म्हणून सांगतोय."

माझ्या कानांत कालव्याचं पाणी भरल्यासारखं झालं. बोळातले आवाज लांब गेले.

"पत्रक कुणी लिहिलं होतं?" चाचांनी विचारलं.

"मी."

"मागणी काय होती?"

"वजन उतरलंच पाहिजे."

"उतरलं ना?" चाचा म्हणाले. "मग तक्रार कसली? मान्य झाली मागणी."

पितळी नळ. चकचकीत. मला तो तिथं, शिक्क्यांच्या खणांमध्ये, खरंच दिसला. फिरवला तर नुसती हवा.

मी तावातावानं म्हटलं, उद्यापासून पळणं बंद. चाचा म्हणाले, "झालं. आता पळण्याविरुद्ध पत्रक काढ. अगं, पळण्यानं काय घोडं मारलंय? आमच्या तालमीत वस्ताद पळायला लावायचे, पण आधी जोर-बैठका आणि वर दूध-बदाम. तू त्याला नुसतं पळवलंस आणि वर उपाशी ठेवलंस. घोड्याला तरी कुणी असं करतं का? डॉक्टरकडे ने त्याला."

डॉक्टरबाईंनी बाबांना खुर्चीत बसवलं, हात छातीवर घ्यायला सांगितले आणि उठायला सांगितलं. बाबा अर्ध्यात उठले आणि परत बसले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"मी काय सांगितलं होतं?"

"वजन कमी करा."

त्यांनी जुना कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "वाचा. वजन हा शब्द कुठंय यात?"

नव्हता. चरबी होता. हळूहळू होता, त्याच्याखाली रेघ होती. परत या, हेही होतं.

"महिन्यानं या म्हटलं होतं. ते तुमच्या पत्रकात बसलं नसेल," त्या कोरडेपणानं म्हणाल्या. बाबा हळूच हसले. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी समजावलं आणि ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. माणसाला कमी खायला घालून रोज दमेपर्यंत पळवलं की शरीर घरातलं सामान बाहेर काढू लागतं. त्यात चरबी जाते, पण तिच्याबरोबर स्नायूही जातात. काट्याला दोन्ही सारखेच. आणि वय वाढलेल्या माणसाचे गेलेले स्नायू सहज परत येत नाहीत. शरीर ठेवतं काय, तर जे कामात दिसतं ते. म्हणून दंडांना आणि मांड्यांना जड काम द्यायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये विश्रांती देऊन. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, अंडी, दही, काहीतरी भरघोस हवंच. खाणं कमी करायचं, पण थोडंसंच. मग चालण्या-पळण्यातून जे जाईल त्यात चरबीचा वाटा मोठा असेल.

"आणि पळू की नको?" बाबांनी विचारलं.

"सध्या भरभर चाला. बरोबरच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. जमलं की एखाद्या दिवशी चढावर थोडं जोरात. रोज नाही." मग त्यांनी पुन्हा तपासण्या लिहून दिल्या. अशक्तपणाला दुसरं काही कारण नाही ना, हे बघायला. तसं काही निघालं नाही. कारण मीच होते.

त्या संध्याकाळी मी फ्रिजवरचं पत्रक ओरबाडायला गेले. बाबांनी हात धरला. "फाडायचं नाही. आपण बाइंडर आहोत. चूक सापडली तर आपण काय करतो?"

पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली की पानं कुणी फाडत नाही. एक लहान चिठ्ठी छापतात आणि बाइंडर ती पहिल्या पानाला चिकटवतो. शुद्धिपत्र. मी अशी शेकडो चिकटवली होती, लहानपणी, बाबांच्या शेजारी बसून. आता बाबांनी पट्टी कापली, माझ्यापुढे पेन ठेवलं आणि सांगत गेले.

'ओळ एक: "वजन"च्या जागी "चरबी" वाचावे. ओळ दोन: "पळणे"च्या जागी "बोलत चालणे" वाचावे. ओळ तीन: "जेवण बंद"च्या जागी "जेवण लवकर, डाळ दुप्पट" वाचावे.'

"आणि तडजोड नाही?" मी विचारलं.

"तिथं फक्त 'नाही' खोड."

आई म्हणाली, "लेखिकेचं नाव नको का घालायला? चूक कुणाची ते कळू दे लोकांना."

खळ बाबांनीच लावली.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात चाचांची तालीम सुरू झाली. खुर्चीवरून बैठका, आधी हात टेकून, मग न टेकता. भिंतीला हात लावून जोर. कोऱ्या कागदाची रिमं जमिनीवरून उचलून फळीवर, फळीवरून जमिनीवर. चाचा स्टुलावर बसून मोजायचे आणि मध्येच आकडा चुकल्याचं नाटक करायचे. "सात... सात... हं, सात."

"अरे, सात झाले केव्हाच!" बाबा म्हणायचे.

"मग तू म्हातारा झालास की मी? सात."

आणि पहाटे कालवा. वाट तीच, काठ तोच, पण आता बोलता आलं पाहिजे हा नियमच होता. मग बाबा बोलू लागले. पाच महिने शेजारी पळून मी त्यांचा एक शब्द ऐकला नव्हता. आता वेग बरोबर आहे की नाही, हे ठरवायला ते गोष्टी सांगायचे. पावसाळा लागला तसं पाण्यावरून धुकं यायचं, त्यात ते कधी अर्धे दिसायचे, कधी नुसता आवाज. एकदा त्या आवाजानं विचारलं, "तुला मी भित्रा वाटलो का गं कधी?"

"का?"

"इतकी पत्रकं हातातून गेली. मोर्चाला एकदाही गेलो नाही. नुसत्या घड्या घातल्या."

लहानपणी मला खरंच तसं वाटायचं. पण मी म्हटलं, "घडी सरळ नसती तर पत्रक खिशात मावलं नसतं, बाबा. लोकांनी तिथंच टाकून दिलं असतं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी घाबरून विचारलं, "वेग जास्त होतोय का?"

"नाही," आवाज म्हणाला. "बरोबर आहे."

कधीकधी मला वाटतं, ती वाट अजून तशीच चालली आहे, आम्ही तिच्यावरून उतरलोच नाही.

काटा मात्र रुसला. आठवडेच्या आठवडे एका जागी. एका शनिवारी तर किलोभर चढला. चाचा म्हणाले, "अभिनंदन. रद्दी वाढली." पण आईच्या मशीनवर वेगळाच हिशेब चालू होता. विजारीची कंबर तिनं पुन्हा बोटभर आत घेतली. आणि एका शर्टाच्या खांद्याची शिवण उसवून बाहेर सोडली. सोडताना मला हाक मारून बोलावलं, नुसतं बघायला.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. नदीकडून ढोलांच्या सरावाचा आवाज पेठेत शिरत होता, दबलेला, कुणी उशीखाली वाजवावा तसा. बाबांनी पाच जाड पुस्तकं फळ्यांमध्ये ठेवली आणि चाक धरलं. दोन्ही हातांनी. एका हातानं आवळण्याचे दिवस परत आलेले नाहीत. कदाचित येणारही नाहीत आणि ते माझ्याच नावावर आहे. चाक फिरलं, फिरलं आणि शेवटच्या अर्ध्या वळणाशी थांबलं. चाचा त्यांच्या दारातून बघत होते, शिक्का हातात तसाच. बाबांनी पाय फाकवून टाचा रोवल्या, मांड्यांपासून जोर काढला. फळी करकरली. अर्धं वळण बसलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबांनी तळहात शर्टाला पुसले आणि चाचांना म्हणाले, "दिवाळीनंतरचं काम घेतोय. कुणाला बंद होणार म्हणून सांगितलं असशील, तर सांग, चूक झाली."

"शुद्धिपत्र काढ," चाचा म्हणाले आणि शिक्का कागदावर मारला.

माझी आता एकच मागणी आहे आणि या वेळी शब्द नीट निवडला आहे. आज घरातलं जे माणूस बारीक होतंय, ज्याचं तुम्ही कौतुक करताय, त्याला एका साध्या खुर्चीत बसवा. हात छातीवर घ्यायला सांगा. उठायला सांगा, आणि जवळ उभे राहा. पोटाकडे पाहू नका. हात टेकायला कुठं जातो का, तेवढं पाहा. गेला, तर काटा कपाटात ठेवा, डॉक्टरांची वेळ घ्या आणि रात्रीच्या ताटात एक वाटी डाळ जास्त वाढा. आजच.